मास्तरांचा आवाज बसला तेव्हा

गल्लीत तिला सगळे थँक्यूबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर काही म्हणायची वेळच येत नसे, कारण तिच्याशी कुणी बोलायला जात नसे. इस्त्रीवाल्याने कपडे दिले, थँक्यू. पोस्टमनने पाकीट दिलं, थँक्यू. एकदा जिन्यात आडवं पडलेलं कुत्रं उठून बाजूला झालं तर तिने त्यालाही थँक्यू म्हटलं, असं कोपऱ्यावरचा किराणावाला शपथेवर सांगायचा.

लग्न करून ती या देशात आली त्याला अकरा वर्षं झाली होती. तिच्या देशात घरीदारी इंग्रजीच. इथे इंग्रजीवर बँकेत भागायचं, विमानतळावर भागायचं, पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर इंग्रजीचा काही उपयोग नव्हता. ती घरी बसून पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या माहितीपुस्तिका तपासून द्यायची. तेही इंग्रजीतच. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दोघं वरच्या मजल्यावर राहायची आणि खालच्या मजल्यावर सासूबाई. त्यांच्या पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन होतं, आणि सकाळपासून बायकांची ये-जा चालू असायची.

तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. आल्या आल्या सहा महिने क्लासला गेली होती. तिथे ‘हे पेन आहे’, ‘ती खिडकी आहे’ असं पाठ झालं. पण बाहेर कुणी खिडकीकडे बोट दाखवून हे काय आहे असं विचारेना. लोक भलतंच काहीतरी विचारायचे, तेही भराभर. मग एक दिवस धीर करून ती किराणावाल्याकडे गेली आणि म्हणाली, “अर्धा डझन आंधळी दे.” अंडी म्हणायचं होतं. दुकानात चार बायका होत्या, त्या हसून हसून पिशव्यांवर रेलल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं, पण तिच्या मात्र ते जिव्हारी लागलं. त्यानंतर तिने तोंडाला कुलूप लावलं.

मास्तर होतेच. गवंड्याशी मास्तर बोलायचे, डॉक्टरांशी मास्तर, शेजाऱ्यांशी मास्तर. सासूबाई काही म्हणाल्या की मास्तर इंग्रजीत सांगायचे, ती काही म्हणाली की मास्तर आईला सांगायचे. सगळं गोडीत चाललं होतं. दर शनिवारी ती तिच्यासारख्याच इंग्रजी बोलणाऱ्या चारपाच जणांना भेटायला जायची. तिथे एक गृहस्थ बावीस वर्षं या देशात होते आणि गॅस सिलिंडर मागवायला अजून मुलीला फोन करायचे. ते हे गंमत म्हणून सांगायचे. ती हसायची, पण घरी येताना आपली वर्षं बोटांवर मोजायची.

असं असताना मास्तरांचा आवाज बसला. वीस वर्षं साठ साठ पोरांच्या वर्गात ओरडून नद्यांची नावं सांगायची म्हणजे घशाचं व्हायचं तेच झालं. स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. ऑपरेशन लहानसंच होतं, पण डॉक्टरांनी नंतर बजावलं, “एकवीस दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने जास्त ताण येतो.” मास्तरांनी मान डोलावली. तिच्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

पहिल्याच आठवड्यात गच्चीवरची टाकी गळायला लागली. मास्तरांनी वहीवर नंबर लिहून दिला आणि फोन तिच्या हातात ठेवला. तिने पाच मिनिटं नुसता तो हातात धरला. मग एका दमात म्हणाली, “वर पाणी पडतो. तू ये.”

“कोण बोलतंय?” पलीकडून प्लंबरने विचारलं.

“मास्तरचा बायको.”

तो आला. साठीच्या पुढचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याला अरेतुरे केलं म्हणून तो रागावला नाही. उलट टाकीच्या नळाची चकती बदलताना एकटाच हसत होता. तिने ही भाषा मास्तर आईशी आणि बहिणीशी बोलताना ऐकली होती, त्यामुळे तिला ‘तू’ तेवढं येत होतं. ‘तुम्ही’ हे कशाला लागतं हेच तिला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी ती आणि मास्तर फिरून येत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. मास्तरांकडे बघून त्या एक वाक्य बोलल्या आणि आत गेल्या. सवयीप्रमाणे तिने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी वही काढली आणि इंग्रजीत लिहिलं, की आई म्हणते, तू दमलेली दिसतेस, जरा विश्रांती घे.

ती जिना चढता चढता थांबली. दमणे हा शब्द तिला माहीत होता. मास्तर शाळेतून येऊन रोज तोच म्हणायचे. सासूबाईंच्या वाक्यात तो नव्हता. त्यात ‘दार’ होतं, ‘अकरा’ होतं आणि ‘बसली नाही’ होतं.

“तुझी आई हे म्हणाली नाही,” ती इंग्रजीत म्हणाली.

मास्तरांनी खांदे उडवले आणि वही खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मास्तर औषध आणायला गेल्यावर तिने कपाटातून एक परकर काढला, त्याची शिवण मुद्दाम कात्रीने बोटभर उसवली, आणि खाली गेली. सासूबाईंनी परकर पाहिला. उसवलेलं आणि कापलेलं यातला फरक चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईला कळणार नाही असं थोडंच आहे! पण त्यांनी पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. ती बसली.

मग ती रोज जायला लागली. सासूबाई हातातली वस्तू वर धरायच्या आणि नाव घ्यायच्या. सुई. दोरा. टीप. काज. ती म्हणायची, आणि चुकली की सासूबाई तोंडात टाचण्या धरून “अं हं” करायच्या. येणाऱ्या बायकांची मापं ती वहीत लिहायला लागली. एकीची कंबर तिने छत्तीसच्या ऐवजी त्रेसष्ट वाचून दाखवली तेव्हा खोलीत हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. तीही हसली. आपण कशाला हसतोय हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला नेमकं कळलं होतं.

अठराव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सासूबाई एका झग्याला खालून टीप मारत होत्या. मशीन न थांबवताच त्या म्हणाल्या, “एक विचारू? तुझे वडील गेले तेव्हा तू दार का लावून घेतलंस?”

वडील तीन वर्षांपूर्वी गेले होते. तिकडे वादळामुळे विमानं बंद होती, तिला वेळेवर पोचता आलं नव्हतं. त्या आठवड्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

“दार नाही लावला,” ती सावकाश म्हणाली. एकेक शब्द शोधावा लागत होता. “उघडा. मी वाट बघितला. मी मास्तरला सांगितला, आई ये. लोक नको. फक्त आई ये.”

मशीन थांबलं.

“मग?”

“तो म्हणाला, आई गुडघा दुखतो. आई जिना नाही.”

“माझा गुडघा?” सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. “माझ्या गुडघ्याला काय धाड भरली होती? मला म्हणाला, तिला एकटीला राहू दे. त्यांच्याकडे तशीच पद्धत असते म्हणे!”

“पद्धत काय?”

“रीत. तुमच्याकडची रीत. माणूस गेलं की एकटं राहायचं.”

“आमच्याकडे?” तिला रडू फुटायच्या बेतात हसू आलं. “आमच्याकडे घर भरतो. सगळे येतो. बसायला खुर्ची नाही इतका.”

सासूबाई पुन्हा स्टुलावर टेकल्या. झगा मशीनवरून घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. “तीन दिवस ताट झाकून घेऊन त्या जिन्याखाली उभी राहायचे मी,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, हाक मारेल. मग त्याच्याच हातात द्यायचे आणि माघारी यायचे.”

सगळे शब्द कळले नाहीत, पण ताट कळलं, तीन कळलं, जिना कळला. ती तीन दिवस जेवली होती ते मास्तरांनी खानावळीतून आणलंय असं तिने धरलं होतं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं; तिनेही विचारलं नव्हतं.

मग सासूबाईंनी गळ्यातली मापाची टेप काढून ठेवली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं, “कसे होते गं ते?”

तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिच्या भाषेतही नाही. ती म्हणाली, “उंच. हसतो खूप. सायकल दुरुस्त करतो, सगळ्या शेजारीचा.” आणखी खूप सांगायचं होतं, पण शब्द तेवढेच होते. त्या तेवढ्याच शब्दांवर दोघी रडल्या.

मास्तर आले ते नेमके त्याच वेळी. दोघींचे चेहरे बघून उंबऱ्यातच थबकले. मग त्यांचा हात खिशाकडे, वहीकडे गेला.

“लिहायचंही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं तू बोललास. आता बस आणि ऐक.”

त्या जे बोलल्या ते तिला अर्धंसुद्धा कळलं नाही, इतक्या त्या भराभर बोलत होत्या. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना त्यातलं एक अक्षरही मवाळ करून तिच्यापर्यंत पोचवता येत नव्हतं. ते मान खाली घालून बसले होते, शाळेतल्या पोरासारखे.

संध्याकाळी त्यांनी तिच्या टेबलावर एक कागद ठेवला. लिहिलं होतं, की तुम्ही दोघीही तिखट. सुरुवातीला आईचं एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं तर तू पुढच्या विमानाने परत गेली असतीस, अशी मला भीती वाटली. म्हणून थोडं बदललं. मग तुझंही थोडं बदललं. पुढे पुढे मला स्वतःलाच कळेना, खरं कोण काय म्हणालं. वडील गेले तेव्हा वाटलं, अशा वेळी एखादा शब्द वाकडा गेला तर तो कायमचा राहील.

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. राग खरा होता, पण रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि ते तिला सोडत नव्हतं. मास्तरांनी दार अडवलं हे खरं; पण त्या दारामागे तिला बरं वाटत होतं, हेही तितकंच खरं. हसं झालं नव्हतं, चूक झाली नव्हती, कुणाला उत्तर द्यावं लागलं नव्हतं. अकरा वर्षं ती त्यांच्या आवाजात भाड्याने राहिल्यासारखी राहिली होती. भिंतीत एक खिळासुद्धा स्वतःच्या हाताने ठोकला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि इथल्या भाषेत म्हणाली, “तू वाईट केला. मी पण.”

एकवीस दिवसांनी मास्तरांना आवाज आला, जरा घोगरा. दोनतीन वेळा सवयीने ते मध्ये पडायला गेले. मग त्यांचे तेच थांबले.

पुढच्या महिन्यात तिच्या भावाने वडिलांचा जुना कोट पाठवून दिला. तो तिने आपल्या मापाचा करायला सासूबाईंकडे दिला. चार दिवसांनी सासूबाईंनी मोठ्या हौसेने तो पुढे धरला. खांदे बेतशीर, बाह्या आखूड केलेल्या, आणि पुढे सहा नवी कोरी चकचकीत बटणं.

तिने बटणं पाहिली आणि तिचं डोकं फिरलं.

“बटण कुठे? जुना बटण?”

“काढली. दोन तडकलेली होती. ही बघ किती छान—”

“मी बटण सांगितला नाही! तो बटण माझ्या बाबांचा!”

“आवाज कुणावर चढवतेस? बाह्यांना तीन दिवस घातलेत मी!”

“बाह्या छान! बटण नाही! बटण बाबांचा!”

“‘ती बटणं बाबांची’ म्हण,” सासूबाई तितक्याच जोरात ओरडल्या, “आणि मग भांड!”

“ती बटणं बाबांची!” ती ओरडली. “आई, तुम्ही मला विचारलं नाही!”

मास्तर वरून धावत आले होते. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते तोंड उघडून उभे राहिले. दोघींनी एकदमच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं आणि ते आल्या पावली वर गेले.

“नाही विचारलं,” सासूबाई कोटाकडे बघत म्हणाल्या. “चुकलंच माझं.” त्यांनी मशीनचा खण ओढला आणि चिंध्यांखालून कागदाची एक पुडी काढली. सहाही बटणं होती, तडकलेल्या दोन्हींसकट. फेकून देणं त्यांच्याही जिवावर आलं असावं.

“तडकलेली दोन खालच्या काजांसमोर लावू. तिथे ताण येत नाही.”

“ताण काय?”

सासूबाईंनी दोन हातांत दोरा धरून ओढून दाखवला. तिने मान डोलावली, सुई घेतली आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन त्यात तपकिरी दोरा ओवायला लागली.