बोरू थबकला तेव्हा

"काका, आहात का घरात?" उघड्या दारातून जगन्नाथने विचारलं.

"हो, ये ना," शालोमकाका बोलून गेले, आणि त्यांचा बोरू चर्मपत्रावरच थबकला.

देवाचं नाव अर्धं लिहून झालं होतं. ते लिहिताना राजाने सलाम केला तरी उत्तर द्यायचं नाही, असं वडिलांनी त्यांना रेवदंड्याला शिकवलं होतं. जगन्नाथ तर दुबईच्या अल बर्शा भागातल्या याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा, प्लंबिंगची कंत्राटं घेणारा शेजारी.

तोराच्या, ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, जुन्या गुंडाळीतलं एक पान ओल लागून गेलं होतं. ते नवं लिहून जोडल्याशिवाय शनिवारच्या प्रार्थनेत गुंडाळी उघडता येणार नव्हती. आज शेवटच्या ओळी होत्या. म्हणून संध्याकाळी मंडळींना बोलावलं होतं आणि मुलीने, रिबकाने, देवाचे आभार मानायच्या मलिद्यासाठी पोहे भिजवले होते.

"हे पान बाद," काका हळूच म्हणाले.

"बाबा, नुसतं 'हो' म्हणालात! कोणाला कळणार आहे?" रिबका म्हणाली.

"कोणालाच नाही. पण लिहिताना मनात देव हवा होता गं. तिथे हा आला."

"आयला, माझ्यामुळे खलास?" जगन्नाथ कावराबावरा झाला. "जरा व्हाइटनर मारलं तर?"

"ते नाव खोडत नाहीत. पान पुरतात. माणसासारखं."

जगन्नाथने गुपचूप चपला काढल्या.

"निदान रब्बींना फोन करा," रिबका म्हणाली. "चालेल म्हणतील."

"तीच तर भीती आहे."

आपण बरोबर आहोत की नुसते हट्टी, हे काकांना ठरवता येईना. तसं त्यांना कधीच काही ठरवता आलं नव्हतं. पण पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायचं, या विचाराने त्यांना बरं वाटलं. कोणाला सांगायला संकोच वाटावा, इतकं बरं.

"आणि पोह्यांचं काय करू?"

"मलिदा कर की. आभार मानायला पान पुरं व्हावं लागतं होय?"

संध्याकाळी मंडळी आली. शनिवारचं ऐकून दोघातिघांचे चेहरे पडले, पण मलिद्याच्या बशा फिरल्या आणि गप्पा सुरू झाल्या.

"मग आता कुठवर आलंय?" कोणीतरी विचारलं.

काकांनी नवं चर्मपत्र उचलून दिव्यासमोर धरलं. त्यावर अजून एकही अक्षर नव्हतं. शाईवाचून, बोथट टोकाने ओढलेल्या रेघा तेवढ्या उजेडात दिसत होत्या, वरपासून खालपर्यंत, सरळ.