स्टुलाचे चार बूट

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात दातांचा रंग जुळवायचं काम एकट्या ताईंकडे होतं. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, तीत चार टेबलं, कोपऱ्यात मालकांची काचेची केबिन आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. ताई सोळा प्रकारचे पांढरे रंग नुसत्या नजरेनं ओळखायच्या. दूध नासायच्या आदल्या दिवशीच हिला कळतं, असं त्यांचे यजमान सांगत फिरायचे.

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं आणि ताई सहा आठवडे घरी राहिल्या. तेवढे दिवस त्यांचं काम बाकीच्यांनी आपसात वाटून घेतलं. कुणी तक्रार केली नाही, उलट दर रविवारी कुणी ना कुणी भेटायला येऊन गेलं. ताईंच्या मनाला ते फार भिडलं. परत कामावर जाताना प्रत्येकासाठी काहीतरी छोटंसं न्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"चार मग घे, विषय संपला," यजमान म्हणाले.

"मगच कशाला? आपल्या कपाटात सात पडलेत. एकातून तरी चहा पितो का आपण?"

"मग पेनं घे."

"अहो, दिवसभर प्लास्टर कालवणाऱ्या माणसाला पेन?"

"बरं, मग जरा भारीतलं काहीतरी घे."

"भारीतलं दिलं की घेणाऱ्याची झोप उडते. आता हिला आपण काय द्यायचं, म्हणून."

यजमानांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. ताई आडव्या पडल्या आणि एकेकाला डोळ्यांसमोर आणू लागल्या. कुणाला काय आवडतं ते काही आठवेना. कुणाचं रोजचं रडगाणं काय, ते मात्र तोंडपाठ होतं.

साचे ओतणारे प्लास्टरकाका चष्मा काढून ठेवायचे आणि तो भुकटीत दिसेनासा व्हायचा. दिवसातून पाच वेळा "माझा चष्मा कुणी पाहिला का?" मेणाच्या हिरड्यांवर दात बसवणाऱ्या वहिनींचं स्टूल डुगडुगायचं. "अकरा वर्षं झाली, या स्टुलानं माझी कंबर खाल्ली," हे वाक्य त्या रोज सकाळी बसता बसता म्हणायच्या. पॉलिशवाल्या भाऊंच्या चहात भुकटी उडायची. पहिला घोट घेऊन ते सगळ्यांना सांगायचे, "आज कुणाची दाढ प्यायलो, कुणास ठाऊक!" आणि मालक केबिनमधून दिवसभर एकच शब्द ओरडायचे, "दार!" कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण ते उघडं टाकायचा.

ताई ताडकन उठून बसल्या. म्हणजे टाके आठवून हळूच उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. चष्म्याची दोरी, झाकणाचा कप, दाराला लावायची स्प्रिंग आणि स्टुलाच्या पायांना घालायचे चार रबरी बूट, एवढं घेतलं.

"रंगीत कागदात गुंडाळून द्या, भेट द्यायचीय."

"बूट कुणासाठी आहेत?" दुकानदारानं विचारलं.

"एका स्टुलासाठी."

दुकानदारानं मान हलवली आणि गाठ जरा सुबक मारली.

सोमवारी कारखान्यात आनंदीआनंद झाला. काकांनी चष्मा गळ्यात अडकवून आरशात पाहिलं आणि आपण एकदम प्रोफेसर दिसतो असं जाहीर केलं. वहिनी स्टुलावर बसून डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, स्टूल तसूभर हललं नाही. "अगं बाई!" म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाऊंनी हातासरशी दाराला स्प्रिंग बसवली. मालकांनी दार स्वतः सात वेळा उघडलं आणि सातही वेळा ते आपोआप मिटताना कौतुकानं बघत उभे राहिले. त्या रात्री ताई गाढ झोपल्या.

बुधवारी जेवायच्या सुट्टीत डबे उघडले. कवळ्यांच्या कारखान्यात नुसता चावण्याचा आवाज येत राहिला.

"आज उकडतंय," काका म्हणाले.

"हो, उकडतंय," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यावर डबे बंद झाले. गुरुवारी तर उकडतही नव्हतं.

ताई विचारात पडल्या. पूर्वी चष्मा हरवला की चौघं टेबलांखाली वाकायची आणि तिथेच कुणाच्या मुलाचं कुठे जमतंय ते कळायचं. वहिनी स्टुलावरून कंबरेवर जायच्या, कंबरेवरून जावेवर, आणि एकदा जाऊ निघाली की अर्धा तास कसा जायचा ते कळायचं नाही. आता वहिनी ताठ बसून मुकाट्यानं दात बसवत होत्या. भाऊ झाकणाच्या कपातून स्वच्छ चहा पिऊन भिंतीकडे बघत होते. मालकांना ओरडायला काही उरलं नव्हतं. ते मधेच बाहेर येऊन "सगळं ठीक ना?" विचारायचे आणि "ठीक" ऐकून पडलेल्या चेहऱ्यानं आत जायचे.

शुक्रवारी सगळे हात धुवायला मागच्या बाजूला गेलेले बघून ताई वहिनींच्या स्टुलापाशी खाली बसल्या आणि एका पायाचा बूट ओढायला लागल्या. तो घट्ट बसला होता. शेवटी फट्‌कन निघाला, तेव्हा समोर वहिनींची पावलं होती.

"काय शोधताय, ताई?"

"दात पडलाय एक."

वहिनीही लगेच खाली बसल्या आणि दात शोधता शोधता त्यांना ताईंच्या मुठीतला बूट दिसला.

"हे हो काय?"

ताईंना खोटं पुढे रेटता येईना. "वहिनी, तुम्ही हल्ली बोलतच नाही हो. जावेचं काय झालं, तेसुद्धा सांगितलं नाहीत."

वहिनींनी फरशीवर बैठकच मारली. "बोलू कशावरून? कंबर दुखत नाही माझी. आणि खरं सांगू? या बुटांनी स्टूल बोटभर उंच झालंय. गुडघे टेबलाला आपटतात. पण तुम्ही पोट शिवून आलेल्या, तुम्हाला कसं सांगायचं?"

"माझी मान खाजते," मागून काकांचा आवाज आला. ते कधी आले ते कळलंच नव्हतं. "तुम्ही घरी गेलात की मी दोरी खिशात घालतो."

"झाकण उघडायला दोन हात लागतात," भाऊ म्हणाले. "माझ्या एका हातात कायम कुणाची तरी कवळी."

"आणि ती स्प्रिंग माझ्या टाचेवर दार आपटते!" केबिनमधून मालक.

ताईंचे कान तापले. त्या टेबलाला धरून उठल्या.

"अस्सं. मग आता माझं ऐका. सहा आठवड्यांत तुम्ही जुळवलेले रंग मी आठवडाभर गुपचूप निस्तरतेय. माझ्यासाठी केलंत म्हणून तोंड दाबून बसले. त्या रिटायर झालेल्या शिक्षिकाबाई, त्यांच्या कवळीच्या पुढच्या सहा दातांत चार रंग आहेत! साच्यासोबत ठेवलेला त्या कवळीचा फोटो बघितला मी. आणि ती कवळी घालून त्या गावभर हिंडतायत!"

"चार नसतील," काका म्हणाले. "तीन."

"चार! चष्मा कुठे होता तुमचा तेव्हा?"

"तेच तर! सापडत नव्हता ना!"

मग जे भांडण जुंपलं ते चार वाजेपर्यंत पुरलं. कोण कशाला हो म्हणालं, कुणी रंग जुळवायची पट्टी उलटी धरली, कुणी दिवा न लावता रंग ठरवला, सगळं निघालं; बाईंची कवळी मात्र कुणीच आपल्या नावावर घेतली नाही. वहिनींच्या जावेचाही त्यात संबंध नसताना उद्धार झाला. भाऊंच्या उघड्या कपावर साय धरली.

शिक्षिकाबाईंना मालकांनी फोन करून माफी मागितली. ताईंनी जीव ओतून, सहाही दात एका रंगाचे लावून नवी कवळी केली. पुढच्या शुक्रवारी बाई आल्या, नवी घालून आरशात बघितलं, ओठ वर केले, खाली केले.

"ही नको. आधीचीच बरी."

"अहो बाई, तिच्यात चार रंग आहेत!" ताई कळवळून म्हणाल्या.

"माझ्या खऱ्यांत पाच होते. ती घातली की लोक विचारतात, या वयात दात कसे टिकवलेत? ही घातली तर विचारतील, कुठे केलीत?"

बाईंनी जुनी कवळी तोंडात बसवली, नवी पिशवीत टाकली आणि त्या गेल्या. काका घाईघाईनं प्लास्टर कालवू लागले. वहिनींचे खांदे हलत होते.

"ती कवळी जुळवली होती कुणी?" ताईंनी विचारलं.

काकांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी भाऊंकडे आणि भाऊंनी केबिनकडे. मग केबिनमध्ये मालकांनी हातातला कागद खाली ठेवला आणि वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.