जुना पार्ट

सगुणला डॉक्टर काही पटला नव्हता. क्लच दाबला की डाव्या खुब्यातून कळ थेट जांघेत यायची. डॉक्टर म्हणाला, सांध्यातलं लिगामेंट फाटलंय, दुर्बिणीनं साफ करू. केलंही. सगुण शुद्धीवर येऊन बघतो तर काय, मांडीच्या वर नुसती दोन भोकं, त्यावर चिकटपट्टी.

"फाटलेला तुकडा द्या," सगुणनं हात पुढे केला.

"तो राहत नाही. आतच कातरतो आणि नळीतून ओढून घेतो."

डिचोलीत वीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकलेला माणूस तो. मिस्त्री नवा पार्ट घालतो तेव्हा जुना हातात ठेवतो, नाहीतर घातला कशावरून? डॉक्टरानं मग खुब्याच्या आतला फोटो दिला. सगुणला तो सोललेल्या फणसासारखा दिसला. खुबा कोणाचा, देव जाणे.

"तुका सगळे आपल्यासारखेच दिसतत," बायको विमला म्हणाली.

खोटं नव्हतं ते. मालकाला, गोकुळदासबाबांना, त्यानं एकच झिजलेली क्लच प्लेट तीनदा दाखवली होती आणि शीळ घालत सांगितलं होतं, नवी बसवली.

तीन महिन्यांनी डॉक्टरानं गाडी चालवायला मोकळीक दिली. खाण सुरू झाली होती, आणि सगुणच्या ट्रकवर दुसऱ्या ड्रायव्हरला, शिवदासला, बसवायचं मालकाच्या मनात होतं. सगुण धावला नाही, पण भरभर यार्डात गेला.

"ऑपरेशन झाला? दाखव," मालक म्हणाला.

सगुणनं पँट सरकवून दोन खुणा दाखवल्या.

"ह्यां काय, डास चावलो?"

"दुर्बिणीन केला, बाब."

"मग फाटलेलो तुकडो खंय?"

सगुणनं पँट वर ओढली. "तो... नळीतून गेलो."

"नळीतून." गोकुळदासबाबांनी ट्रकचं दार उघडलं. "चढ. क्लच दाबून धर."

सगुणनं दाबला. मालक पायाकडे नाही, तोंडाकडे बघत होता. एक मिनिट. दोन. कळ कधी येते म्हणून सगुण स्वतःच दबा धरून बसला. आली नाही.

"दुखता?"

"नाय."

मालकानं चावी दिली. "फाल्यां सकाळी सातांक ये."

"विश्वास कसो ठेवलात?"

"ती प्लेट दुसऱ्यांदा दाखवलंस, तेव्हा मी गुपचूप तिका रंगाचो बारीक ठिपको लावलेलो. तिसऱ्यांदा तीच घेऊन इलंस, शीळ घालत. आज शीळ घातलंस नाय."

सगुण घरी पोचेपर्यंत ओठ घट्ट मिटून चालला.