दर्शनाला नेलेलं कार्ड

बळीरामच्या घरात कुठलीही वस्तू यायची ती आधी लोकांना दाखवायला, मग वापरायला. पहिली मोटार आली तेव्हा ती कितीतरी दिवस अंगणातून हलली नव्हती, कारण भावकीतलं एक घर लग्नाला बाहेरगावी गेलं होतं आणि त्यांची ती बघायची राहिली होती. पुढे खारजमीन विमानतळात गेली, बदल्यात उलव्याला भूखंड मिळाला, त्यावर इमारत उठली आणि नेऱ्याच्या रस्त्याला बळीरामने तीन मजली बंगला बांधला. समोरच्या भिंतीला चकचकीत फरशी लावली. मागे स्वयंपाकघरात मात्र त्याची बायको चंद्रावती अजून गळक्या नळाखाली पातेलं लावून भांडी घासत होती. नळ कुणाला दिसत नव्हता, म्हणून तो बदलायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अशा घरात लेकीने, दिपिकाने प्रोसेसर मागितला.

दिपिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि गेली काही वर्षं थोरल्या भावाच्या, धनेशच्या जुन्या कॉम्प्युटरवर पाचाविरुद्ध पाच असा बंदुकीचा खेळ खेळत होती. खेळत होती म्हणजे चांगलीच खेळत होती. कळंबोलीच्या एका टीममधली एक मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा त्यांच्या कॅप्टनने, सत्यजीतने, हिचा खेळ बघून स्वतःहून निरोप धाडला. रविवारी दुपारी एक चाचणी सामना, जमलं तर जागा तिची, आणि मग राज्यभरच्या स्पर्धा. आजवर ती सगळ्यांना बळीरामची पोर म्हणून ठाऊक होती. तिच्या नेमासाठी तिला कुणीतरी बोलावलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला ती जागा हवी होती, दुसरं काही नको होतं.

कॉम्प्युटर जुना झालाय एवढं तिने सांगायचा अवकाश, धनेशने गाडीची चावी उचलली. खर्चाला हे घर कधी मागे हटत नव्हतं, हे कबूल केलंच पाहिजे.

"दादा, थांब. ग्राफिक्स कार्ड नको आणू. प्रोसेसर बदलू या."

"प्रोसेसर म्हंजे त्यो बिस्किटाएवढा? पंख्याच्या खाली दडलेला?" धनेश हसला. "त्यो कुनाला दिसतो तरी का? गेमिंगचा जीव ग्राफिक्स कार्डात असतो. मी व्हिडिओ बगितलेत."

"तुझं खोटं नाय. डोंगर, जंगल, पाणी असलं देखणं चित्र असलेल्या खेळात कार्डच लागतं. पण माझा खेळ तसा नाय. माझं चित्र साधं असतं. कोण कुठं पळतोय, गोळी कुणाला लागली, याचा हिशोब भराभर व्हायला पायजे, आणि तो प्रोसेसर करतो. तोच म्हातारा झालाय आपला."

धनेशच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा तिने त्याच्या धंद्यातलं सांगून बघितलं. तो उलव्याच्या बिल्डरांना खडी पुरवायचा.

"नवा डंपर घेतलास आणि त्याला रिक्षाचं इंजिन बसवलंस, तर चढेल का चढाव?"

"आता तू मना डंपर शिकवनार?" धनेशचा आवाज चढला.

दिपिका बापाकडे वळली. झोपाळ्यावर बसलेल्या बळीरामने पानाची पिंक टाकली.

"धनेश सांगतो त बरोबरच आसंल. पोरी, तुला मोठ्यातलं मोठं घेऊन देतोय, आनखी काय पायजे गो?"

चंद्रावती दारात उभी होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण लेक खरं बोलतेय एवढं तिला कळत होतं. ती पदराला हात पुसत आत वळली. या घरात बोलून काय होतं ते तिने आयुष्यभर बघितलं होतं.

धनेशने पनवेलच्या बाजारातून आणलं ते कार्ड विटेपेक्षा लांब होतं. त्याला तीन पंखे होते आणि रंग बदलणारे दिवे होते. कॉम्प्युटरच्या काचेच्या नव्या पेटीत ते असं बसवलं होतं की दारातून आत येणाऱ्याची नजर आधी त्यावरच पडावी. पेटीच्या पोटात प्रोसेसर तोच जुना. दुकानदाराने म्हणे एकदा विचारलं होतं, हे दोघं एकमेकांना झेपतील का म्हणून. धनेशने त्याला सांगितलं, आमाला काय कमी हाय का?

शनिवार तिने सरावासाठी राखून ठेवला होता. पण नवी गाडी एकविरेला नेल्याशिवाय चालवायची नाही, हा घरचा रिवाज, आणि एवढी मोठी वस्तू काय गाडीपेक्षा कमी आहे, असं धनेशचं म्हणणं पडलं. पेटी पुढच्या सीटवर बसली, तिला पट्टा बांधला. दिपिका आणि चंद्रावती मागे, मांडीवर नारळ आणि हार. कार्ल्याला पोचल्यावर धनेश ती पेटी खांद्यावर घेऊन पायऱ्या चढला. माणसं बाजूला होऊन बघत होती, सोबत आलेला मावसभाऊ फोनवर चित्रण करून लगेच सगळीकडे टाकत होता, आणि दिपिका घामाने भिजलेल्या भावामागून चालत होती. तिला भावाचा राग येत होता आणि त्याच वेळी त्याची कीवही येत होती. तो हे सगळं तिच्यासाठीच करत होता, असंच त्याला मनापासून वाटत होतं. काचेवर कुंकू लागलं. घरी परतेपर्यंत दिवेलागण झाली, आणि ओसरीवर भावकी पेटी बघायला येऊन बसली होती. सराव झालाच नाही.

रविवारी दुपारी सामना. तिला दार लावून एकटीने बसायचं होतं, पण धनेशने खुर्च्या मांडल्या. काका, शशिकला काकू, दोन शेजारी, सगळे तिच्या पाठीमागे येऊन बसले.

पहिले डाव शांत होते. खेळातली माणसं पांगलेली होती. दिपिकाने कोपऱ्यावरून दोघांना टिपलं. हेडफोनमध्ये सत्यजीत म्हणाला, "मस्त! असंच ठेव." ती खुर्चीत आणखी पुढे सरकली. मागून काकूने विचारलं, "जिंकली का गो?"

मग दोन्हीकडची सगळी माणसं एकाच चौकात जमली. कुणी धुराचे गोळे फेकले, चहूकडून गोळ्या सुटल्या, आणि चित्र अडकलं. सुटलं, पुन्हा अडकलं. दुसऱ्यांदा सुटलं तेव्हा ती मरून पडली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे हलत होते. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला, कार्ड जेमतेम तिसावर. एक धापा टाकत होता आणि दुसरं झगमगत निवांत बसलं होतं. ते आकडे बघताना दिपिकाला मागच्या खुर्च्यांवरची माणसं आठवली आणि आत चहा गाळणारी आई आठवली. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण कानात सत्यजीत होता, म्हणून तिने ओठ दाबून धरले.

पुढचा प्रत्येक डाव तसाच गेला. गर्दी झाली की चित्र अडकायचं, आणि ती मरायची.

"एवढं कार्ड दिलं तरी नाय जमलं," धनेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. काकूने मान हलवली. "जाऊ दे रं, पोरीची जात." चहा पिऊन माणसं उठली.

संध्याकाळी सत्यजीतचा फोन आला.

"दिपिका, नेम चांगला आहे गं तुझा. मशीन अडकतंय, कळतंय आम्हाला. पुढच्या रविवारी नवीन पनवेलला ये, आम्ही बसतो त्या कॅफेत. तिथे सगळ्यांची मशीन सारखी आहेत. समोरासमोर बसून खेळू. मिताली म्हणून आणखी एक मुलगी येणारे, पण खरं सांगू, मला तूच हवीयेस."

तिने दोनदा विचारलं, खरंच का? तो हसला. फोन ठेवल्यावर ती गच्चीवर जाऊन एकटीच हसली.

जेवताना तिने सांगितलं. तिला वाटलं, यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? दुपारची वेळ, रिक्षाने जायचं, तिथे मुलीही असतात.

धनेशचा घास हातातच राहिला. "घरात आख्ख्या तालुक्यात नाय असं मशीन हाय, आनि तू भाड्याच्या मशीनवर बसायला जानार?"

"मग प्रोसेसर बदल. मी जात नाय."

"म्हंजे मी घेतलं ते कार्ड चुकीचं? एकविरेला नेऊन आनलं, भावकीला दावलं, आता उघडून सांगू का आतला माल बाद हाय म्हनून?"

"दादा, कुणाला सांगायचंय? आतला आहे तो. कुणाला दिसणारसुद्धा नाय!"

"मना म्हाईत आसंल ना!"

बळीरामने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तो ओरडत नसे, आणि म्हणूनच त्याच्या बोलण्यावर पुढे काही उरत नसे. "नवीन पनवेलात आपली चार मानसं फिरतात. बळीरामची पोर दुकानात बसून खेळते बगितलं, त काय म्हनतील? घरचं मशीन दिखाव्याचं हाय म्हनतील. त्यापरीस नको जाऊस. खेळायचं तेवढं घरी खेळ. तुला कोन आडवतंय?"

खरोखरच कुणी अडवत नव्हतं. हेच तिला सहन होईना. मारलं असतं, कोंडलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. इथे तर तिला मोठ्यातलं मोठं घेऊन दिलं होतं, आणि त्या देण्यानेच तिची वाट बंद केली होती.

तिने आईकडे पाहिलं. चंद्रावतीने तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. "राहू दे गो," ती हळूच म्हणाली. दिपिकाला त्या क्षणी बापापेक्षा, भावापेक्षा आईचा जास्त राग आला, आणि तो राग अन्यायाचा आहे हेही तिला माहीत होतं. भाकरी तिने खाल्ली नाही.

आपल्या खोलीत येऊन तिने फोन घेतला. घरचे सोडत नाहीत, असं तिने आधी लिहिलं. मग पुसलं. सत्यजीत काय समजेल? गावठी माणसं, पोरींना कोंडून ठेवणारी. तसे तर ते नव्हते. मग तिने कार्डाचं खरं काय ते लिहायला घेतलं, तेही पुसलं. ज्याला कळतं असा माणूस पोट धरून हसेल, आणि हसेल तो धनेशला. धनेश पायऱ्या चढताना कसा धापा टाकत होता, ते तिला आठवलं.

शेवटी तिने लिहिलं, "सॉरी, मी येत नाही. मशीनचं काही नाही. माझाच खेळ कमी पडतोय. गर्दी झाली की मी घाबरते."

उत्तर लगेच आलं.

"बरं झालं प्रामाणिकपणे सांगितलंस. मग मितालीला घेतो." आणि थोड्या वेळाने, "एक विचारू? मघाशी धनेशदादाचा तो एकविरेच्या पायऱ्यांवरचा व्हिडिओ बघितला. तू आता खेळणार नसशील आणि ते कार्ड विकायचं झालं, तर आधी मला सांग."