पोकळ क्रॉस

आपल्या सुट्या भागांच्या दुकानात टीगने ओरिनच्या डाव्या तळहातावर एक क्रॉस ठेवला, उजव्यावर दुसरा, आणि स्वतः हाताची घडी घालून उभा राहिला.

दोन्ही दिसायला सारखेच. अधिकच्या चिन्हासारखे लोखंडी तुकडे. ट्रकच्या फिरत्या दांड्याला तिरकं राहूनही फिरता यावं म्हणून त्याच्या सांध्यात बसणारे. एक भरीव होता. दुसरा ग्रीस भरता यावं म्हणून आतून पोखरलेला, त्यामुळे तेवढाच कमजोर.

"हा," ओरिनने पोकळ पुढे केला.

"सहा इंच उंच केलायस ट्रक. त्यात रणगाड्याला शोभतील अशी चाकं. दांडा घसरगुंडीसारखा तिरका झालाय, आणि तिथे हा?"

"मुद्दाम. हा तुटला की पुढचं मोठं काही तुटत नाही. फ्यूज असतो तो."

यूटाच्या लाल खडकांवर गाड्या चढवणाऱ्या निम्म्या मंडळींचं म्हणणं हेच, त्यामुळे टीगला लगेच उलट बोलता येईना. पण उरलेल्या निम्म्यांचा पुढारी गेली एकोणीस वर्षं खुद्द ओरिन होता. "फ्यूज घरात असतात," असं तो याच दुकानात, याच स्टुलावर बसून लोकांना सुनावत आला होता.

"ट्रक ब्रिनचा ना?"

"हो."

"आणि रविवारी तिच्या शेजारी तो दातांचा डॉक्टर बसणार."

ओरिनने क्रॉस कानाशी नेऊन टिचकीने वाजवला, टरबूज पिकलंय का बघावं तसा. ब्रिन त्याची मुलगी. सोळाव्या वर्षापासून तिने हा ट्रक बापाच्या जोडीने उभा केला होता, आणि खडक चढताना शेजारच्या सीटवर कायम ओरिनच असे. यंदा तिने आईच्या नव्या नवऱ्याला, लायलला, बोलावलं होतं. तो बिचारा म्हणे कधी गेलाच नव्हता.

"कुठे तुटेल?"

"पहिल्या चढावर. कोन मोजलाय मी. त्या चढाच्या पुढे फोन लागत नाही."

"म्हणजे तिने तुला बोलवावं म्हणून."

"म्हणजे मी सुरक्षिततेचा विचार केलाय."

"लेका, तू ठार वेडा आहेस."

"खोक्यात घाल."

टीगने घातला. घटस्फोटात गावाचीही वाटणी झाली होती आणि ओरिनच्या वाट्याला टीग आला होता. बाकीचं सगळं गाव, पाववाल्यासकट, बायकोकडे गेलं.

रविवारी सकाळी सातलाच ओरिन दुकानात हजर झाला. त्याच्या पिकअपमध्ये भरीव क्रॉस, जॅक, दोन हातोडे, दोर, चाळीस लिटर पाणी आणि टर्कीची चार सँडविचेस होती. सँडविचच्या कडा कापलेल्या, कारण सहा वर्षांची असताना ब्रिन कडा खात नसे. ती आता तेवीसची होती. कापलेल्या कडा वेगळ्या पिशवीत होत्या, लायलसाठी.

सव्वादहाला फोन वाजला. टीगलाही ऐकू जावं म्हणून ओरिनने तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, पुढचा क्रॉस तुटला."

"कुठे?" ओरिनच्या हातात किल्ली आलीसुद्धा.

"पहिल्याच चढावर."

"हलू नका. मी निघालो."

"अरे नको, झालं पण! लायलने बदलला. सतरा मिनिटांत. हातमोजे घालून."

"लायलने?"

"तीन आठवडे व्हिडिओ बघत होता म्हणे. जादाचा क्रॉसही आणला होता त्याने, चांगला भरीव. दाढ भरावी तसा बसवला, बाबा, तू बघायला हवं होतंस."

ओरिन खाली बसला.

"ऐक ना, फोन त्यासाठी नाही केला," ब्रिन म्हणाली. "तुटलेला बघितला मी. पोकळ होता. तू असला कधीच बसवणार नाहीस. टीगने भलताच माल खोक्यात घातला, आणि तुला कळलंही नाही. कुणाचा जीव गेला असता."

टीग पाने पुसत होता. त्याचा हात थांबला.

"बाबा? त्यानेच दिला ना?"

ओरिनने फोनकडे पाहिलं, मग टीगकडे. टीगने मान कुठल्याच बाजूला हलवली नाही.

"हो," ओरिन म्हणाला. आणि एवढ्यावर भागलं असतं, तरी पुढे म्हणाला, "हल्ली दिसत नाही त्याला नीट."

"मग त्याच्याकडून काही घेत जाऊ नकोस."

"नाही घेणार."

फोन बंद झाला. टीगने हातातला पाना जागेवर टांगला, एकेक बोट फडक्याने पुसलं, मग साखळी ओढून शटर पार वरपर्यंत नेलं.

"गाडी काढ दारातून," तो म्हणाला. "गिऱ्हाईक यायचंय."

टीग रविवारी दुकान उघडत नसे. आज उघडलं होतं ते ओरिनला एकट्याने वाट बघत बसावं लागू नये म्हणून.

ओरिनने गाडी काढली. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता, तरी वळताना त्याने इंडिकेटर दिला.