तांब्याचा काटा

सोमवारी सकाळी साडेदहाला काट्यावर शंभराचा लाल आकडा लागला, आणि पुढच्या मिनिटाला काटेवाल्याने छिन्नीचे वरचे दोन दात पाडले.

हा काटा ट्रक तोलायचा. भंगाराच्या यार्डात फाटकातून आत आलं की जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पत्रा, शेजारी काचेची केबिन आणि केबिनच्या डोक्यावर लांबूनही दिसावा असा हातभर उंचीचा आकडा. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, मग रिकाम्या गाडीचं घ्यायचं, एकातून दुसरं वजा करायचं आणि पावती छापायची, हे काटेवाल्याचं काम. सतरा वर्षांत त्याने कुणालाही मूठभर भंगार ढापू दिलं नव्हतं. असा माणूस स्वतःला कसा ढापतो, ते बघण्यासारखं असतं.

छिन्नी समोरच्या शेडमध्ये गॅसच्या ज्योतीने जुन्या गाड्या कापायचा. त्याची जीभही तशीच चालायची, म्हणून हे नाव. काटेवाल्याला तो वर्षानुवर्षं ‘दहाचाकी’ म्हणत आला होता आणि काटेवाला ते हसून घ्यायचा. त्या सोमवारी तो पत्र्यावर उभा राहिला, आकडा शंभर झाला आणि छिन्नी चष्मा कपाळावर सारून ओरडला, की दहाचाकी भरून आली, बाजूला व्हा. इथवर ठीक होतं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताईला सांगून ठेव. किडनीबरोबर चरबी फुकट मिळणार आहे."

केबिनच्या दाराला टेकण म्हणून एक पाइप ठेवलेला असे. तो काटेवाल्याच्या हातात कसा आला, हे त्याला स्वतःलाही नंतर आठवेना. पाइप छिन्नीच्या तोंडावर बसला. छिन्नीनेही पडता पडता क्रेनची साखळी ओढून त्याच्या मांडीवर हाणली. लोहचुंबकाची क्रेन वरच्यावर थांबली, तिला चिकटलेली अर्धी मोटार हवेत डोलत राहिली आणि तिच्याखाली दोन पन्नाशीचे पुरुष ग्रीसमध्ये लोळत एकमेकांचे गळे धरून बसले. चौघांनी ओढून त्यांना वेगळं केलं. छिन्नीने तोंडातले दात हातावर घेतले, नीट मोजून पाहिले आणि खिशात टाकले.

आता ताईची गोष्ट. काटेवाल्याच्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून फिरवून परत अंगात सोडत. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळला तो एकटा काटेवाला. तेव्हा तो एकशे बारा किलोचा होता. डॉक्टर म्हणाले, नव्वदच्या आत या, त्याशिवाय मी तुमच्या अंगाला सुरी लावणार नाही.

तो आला. सात महिन्यांत अठ्ठ्याऐंशीवर आला. यार्डाला रोज वीस वीस फेऱ्या मारल्या, डबा अर्धा केला, उरलेला अर्धा मांजरांना घातला, आणि मांजरं जाड झाली. तारीख ठरली. तेवढ्यात ताईच्या छातीत संसर्ग झाला, ती महिनाभर खाटेला खिळली आणि तारीख चार महिने पुढे गेली. ज्या दिवशी तारीख गेली त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशीही. वजन उतरवताना माणूस ग्रॅमचा हिशोब ठेवतो, चढवताना टनाचा.

त्यातून काट्याने त्याला साथ दिली. ट्रकचा काटा दहा-दहा किलोंनी उडी मारतो. पंच्याऐंशीपासून पंच्याण्णवला टेकेपर्यंत काहीही ठेवा, आकडा नव्वदच. ट्रकच्या हिशोबात तेवढी चूक कुणी धरत नाही. काटेवाला दर सोमवारी पत्र्यावर उभा राहायचा, एखाद्या लहान पोराइतक्या निरागसपणे आकडा वाचायचा, ‘वजन ९० किलो’ अशी रीतसर पावती छापायचा आणि ताईला पाठवायचा. ताईने त्या सगळ्या पावत्या फ्रिजच्या दारावर ओळीने लावल्या होत्या. तांब्या-पितळेच्या खोलीत दुसरा काटा होता, ग्रॅमपर्यंत बोलणारा. त्याच्याकडे तो अडीच महिने फिरकला नव्हता. उधारीवाल्याच्या दुकानावरून माणूस पलीकडच्या फुटपाथने जातो, तसा तो त्या खोलीवरून जायचा.

दातांची बातमी ताईपर्यंत छिन्नीनेच पोचवली. तोंडाला रक्ताळलेला रुमाल धरून तो तिच्या दारात उभा राहिला आणि बोबड्या बोलीत सगळं सांगून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई यार्डात आली. सुयांसाठी फुगवलेल्या शिरेचा डावा हात तिने पदराखाली जपला होता. उजवा मोकळा होता. त्या हाताने तिने भावाच्या थोबाडीत दिली. एक्केचाळीस किलोच्या बाईने दिलेली, पण केबिनच्या काचेपर्यंत ऐकू गेली. मग तिने पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला, फाडला आणि पत्र्यावर टाकला.

"मला उभी कर यावर," ती म्हणाली. "किती दाखवेल?"

"चाळीस."

"आणि माझी राख आणलीस तर?"

काटेवाला पत्र्यावरचे तुकडे गोळा करायला वाकला. त्याला आकडा माहीत होता. पाच किलोंच्या खालचं काहीही हा काटा धरत नाही. शून्य.

"बोल ना. सतरा वर्षं वजनंच करतोस."

"ताई, सहा आठवडे आहेत अजून."

"तुझ्याकडे आहेत," ती म्हणाली आणि रिक्षात बसून निघून गेली.

संध्याकाळी मालकाने दोघांना बोलावलं. मालकाचा जुना शिरस्ता होता: मारामारी झाली की पोलीस नाहीत, मार खाणाऱ्याने भरपाई सांगायची आणि मारणाऱ्याने ती निमूट द्यायची. सगळ्यांना वाटलं, छिन्नी नवे दात मागेल. छिन्नी रुमालाआडून म्हणाला, दात नकोत. रोज सकाळी नऊला याने तांब्याच्या काट्यावर उभं राहायचं, आणि आकडा मी वाचणार. मोठ्याने.

सूड घ्यायला माणूस काय काय शोधतो! पण याहून चांगलं औषध कुठल्या डॉक्टरने दिलं नसतं.

पहिल्या सकाळी शहाण्णव किलो आठशे पन्नास ग्रॅम भरले. छिन्नीने ते सबंध यार्डाला दोनदा ऐकवलं. काटेवाल्याने काट्यावरून उतरून भिंतीवर अशी मूठ मारली की बोटांची सालं निघाली. उतरलेलं वजन पुन्हा उतरवण्यासारखा अपमान नाही. पहिल्या वेळी लोक पाठीवर थाप मारतात. दुसऱ्या वेळी नुसते बघतात. आणि पोट तर वैरी झालं होतं. पहिल्या वेळी भूक लागली की ती आतून कुरतडायची, आता ती लाथा घालायची. पत्रे कापायच्या यंत्राचा जबडा मोटारीवर मिटला की काटेवाल्याला वाटायचं, आपण चावलं. एकदा एका ड्रायव्हरने केबिनच्या खिडकीत उभं राहून तोंडात घास कोंबत पावती मागितली, तर काटेवाल्याने खिडकी त्याच्या मनगटावर आपटली. नंतर माफी मागितली, पण डोळे घासावरच होते. डबा उघडताना झाकण अडलं, तर त्याने डबाच शेडच्या खांबावर आपटून चपटा केला. छिन्नीने तो चपटा डबा उचलून भंगाराच्या ढिगात टाकला आणि शंभर ग्रॅम जमा झाले असं सांगितलं.

छिन्नीचंही काही बरं चाललं नव्हतं. दात गेल्यामुळे पंधरा दिवस तो नुसत्या पातळावर होता. तोही गंमत म्हणून काट्यावर चढू लागला आणि दुसऱ्या आठवड्याअखेर दिसलं, की मारणाऱ्याचे दीड किलो उतरले होते आणि मार खाणाऱ्याचे साडेतीन. यार्डात लोक हसून लोळले. काटेवाला हसला नाही. त्याने पाइपकडे पाहिलं, आणि छिन्नीने ते पाहिलं.

"पुन्हा मार," छिन्नी शांतपणे म्हणाला. "खालचे आहेत अजून. पण मग भरपाई वाढेल. दोन वेळा उभं करीन."

काटेवाल्याने पाइप उचलला आणि स्वतःच्या हाताने नेऊन ढिगात फेकला. त्या दिवसापासून फेऱ्या वीसच्या तीस झाल्या. छिन्नी मागून चालायचा, हातात साखळी, आणि पाय मंदावला की ती जमिनीवर आपटायचा. गुरं हाकावीत तसं. काटेवाला शिव्या देत चालायचा, छिन्नी शिव्या देत हाकायचा. पाचव्या आठवड्यात नव्वद किलो नऊशे. मग काटा अडला. चार दिवस नव्वदच्या खाली जायला तयार नव्हता.

डॉक्टरकडे वजन करायच्या दिवशी, सकाळी आठलाच एक भरलेली गाडी आली. भरल्या गाडीचं वजन झालं, माल उतरला, रिकामी गाडी पत्र्यावर यायला फार वेळ लागला. काटेवाला बाहेर जाऊन बघतो तर भिंतीमागून पाण्याची ओली रेघ आलेली. ड्रायव्हरने सीटमागे पाण्याचं पिंप भरून आणलं होतं आणि ते आता रिकामं करून पाणी भंगाराच्या भावात यार्डाला विकत होता. जुनी चलाखी. काटेवाला म्हणाला, पावती मिळणार नाही, गाडी पुन्हा भर आणि घेऊन जा.

तो वळून रिकाम्या पत्र्यावर आला, आणि मागून ड्रायव्हर टायर खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आला. पहिला घाव खांद्यावर बसला. एरवी काटेवाल्याने त्याला उचलून आपटला असता. तेवढं बळ अंगात होतंच, आणि सहा आठवड्यांची भूक तर कुणाला तरी फाडायलाच निघाली होती. त्याच्या मुठी वळल्याही. पण दुसरा घाव कमरेच्या दिशेने आला आणि त्याला एकदम आठवलं, की डाव्या बाजूचं जे आत आहे ते आता आपलं नाही. तो खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले, डावी कूस पत्र्याला चिकटवली, वर दोन्ही हात धरले आणि हातांवर मार घेत राहिला. बोटं मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. वर केबिनच्या डोक्यावर आकडा नव्वद आणि शंभराच्या मध्ये उड्या मारत होता, कारण मारणाऱ्याचा एक पाय पत्र्यावर होता.

मग साखळी आली. छिन्नीने ती ड्रायव्हरच्या घोट्यात टाकून ओढली, तो तोंडावर पडला, आणि पुढचं काम छिन्नीच्या बुटांनी केलं. क्रेनवाल्याने खाली उतरून थांबवलं नसतं तर ती पावती निराळीच झाली असती.

लोक गाडी बोलवायला धावले. छिन्नीने काटेवाल्याला काखेत धरून उभं केलं आणि फाटकाकडे न नेता तांब्याच्या खोलीकडे ओढायला लागला.

"दवाखाना तिकडे आहे," काटेवाला रक्त थुंकत म्हणाला.

"हाताला प्लास्टर घालतील. किलोभर तरी असतं. मग तुझा बाप वजा करणार आहे का ते? चढ."

काटेवाला चढला. उभं राहवत नव्हतं, पण काहीही धरायचं नाही हा नियम दोघांनाही ठाऊक होता. छिन्नी दोन पावलं मागे सरला. काट्याचे आकडे थोडा वेळ थरथरले आणि थांबले. एकोणनव्वद किलो सहाशे. छिन्नीने या वेळी आकडा ओरडून सांगितला नाही. पावती छापली, घडी केली आणि त्याच्या खिशात खुपसली.

दवाखान्यात हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, कपाळाला सात टाके पडले. पोटाची तपासणी झाली. डावी बाजू साफ, ओरखडासुद्धा नाही. मग नर्सने वजन केलं: नव्वद किलो चारशे. तिने तो आकडा लिहायला पेन टेकवलं. काटेवाल्याने मोडक्या हाताने खिशातली पावती काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ताईने काढली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती, आणि सहा आठवड्यांत भावाशी एक शब्द बोलली नव्हती.

पावतीच्या कडेला रक्ताचा अंगठा उठला होता. तिने आकडा वाचला, मग वेळ वाचली, मग भावाच्या हाताकडे पाहिलं.

"हा कुठल्या काट्यावरचा?" तिने विचारलं.

"तांब्याच्या."

तिने नर्सचं पेन धरून बाजूला केलं आणि पावती टेबलावर ठेवली. "आधी प्लास्टर वजा करा," ती म्हणाली. "मग लिहा."