पुडिंगचा ढाळ

मिस्त्रींनी चाळीस वर्षांत शेकडो भिंती उभ्या केल्या, जिने चढवले, पाण्याच्या टाक्या बांधल्या, एकदा तर बागेतलं कारंजंसुद्धा केलं. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांनी काय केलं म्हणाल, तर फरशी बसवली. बस्स. त्यानंतरची तीस वर्षं ते तिथे फक्त जेवायला गेले.

आणि तेच मिस्त्री आज सकाळी आठ वाजता, कंबरेला बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून, ओट्यापाशी उभे होते. कामावरच्या माणसांनी पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं त्यांना हसायला.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. बायकोचा गुडघा बदलून आठ दिवस झाले होते. फोनवर तिची थोरली बहीण होती. ही बाई मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, पण अजूनही बोलायला लागली की समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राहतो.

"उद्या चार वाजता तिला सोडतायत," मेट्रनबाई म्हणाल्या. "सहा आठवडे मी तिला माझ्याकडे ठेवणार आहे. खोली लावून झाली. तुम्ही तिचे कपडे तेवढे बॅगेत भरून ठेवा, आम्ही जाता जाता घेऊ."

"अहो ताई, पण तिचं घर आहे की इथे!"

"घर आहे हो, पण घरात तुम्ही आहात. आठ दिवस चहा कुठे पिताय?"

चहा मिस्त्री कोपऱ्यावरच्या हॉटेलात पीत होते. घरी एकदा प्रयत्न केला होता, ते भांडं अजून भिजत पडलं होतं.

सहा आठवडे! आठ दिवसांतच घर त्यांना खायला उठलं होतं. काल तर ते दाराच्या बिजागरीशी बोलले होते, आणि तिने कुरकुर करून उत्तर दिलं तेव्हा बरं वाटलं होतं. त्यांना बायको घरी हवी होती. रागवायला, टोकायला, कशालाही, पण घरी.

"तिला द्या फोन," ते म्हणाले. "अगं, मी करीन सगळं. स्वयंपाकसुद्धा."

पलीकडून आधी हसू आलं. मग बायको म्हणाली, "अहो, आठ दिवस इथली पेज पिऊन जीव विटलाय. माझं ते थरांचं चॉकलेट पुडिंग करून ठेवा उद्या. त्याला गॅस पेटवावा लागत नाही, भट्टी लागत नाही, काही नाही. तुमच्या स्वतःच्या हातचं असेल तर मी घरी राहते. तेवढंही जमलं नाही तर मग ताईचंच खरं."

"डाव्या हातचा मळ आहे तो माझ्या," मिस्त्री म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांची पाचावर धारण बसली.

तर आता ओट्यावर सगळा सरंजाम मांडला होता. पुडिंगच्या पुडीची दोन पाकिटं, बिस्किटांचे दोन पुडे, दूध, क्रीम, चॉकलेटची वडी आणि बायकोचं काचेचं लांबट भांडं. शेजारी तिची वही उघडी. तिच्या अक्षरात चारच ओळी: बिस्किटं दुधातून काढून तळाला लावावीत. त्यावर पुडिंग, त्यावर घट्ट फेटलेलं क्रीम. पुन्हा तसंच. वर चॉकलेट किसावं, चार तास फ्रीजमध्ये.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. अरेच्चा, हे तर बांधकाम! बिस्किट म्हणजे वीट, पुडिंग म्हणजे माल, क्रीम म्हणजे गिलावा. उगाच घाबरलो की आपण!

बिस्किटं दुधात किती वेळ ठेवायची, ते तिने लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय? कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि भिंत कच्ची राहते, हे मिस्त्रींना विसाव्या वर्षापासून ठाऊक. वीट पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे यायचे थांबले की काढायची. त्यांनी पातेलंभर दुधात अख्खा पुडा सोडला आणि हाताची घडी घालून बुडबुड्यांवर नजर ठेवली.

बुडबुडे थांबले. मिस्त्रींनी हात घातला. बिस्किट गेलं कुठे? दुसरं चाचपलं, तिसरं चाचपलं. पातेल्यात बिस्किट नावाची वस्तूच उरली नव्हती, नुसता चिखल!

"आता बोंबला," ते स्वतःलाच म्हणाले. पण चाळीस वर्षं ज्याने बिघडलेली कामं निस्तरली तो काय हातपाय गाळून बसतो? त्यांनी तो लगदा फडक्यातून पिळला, काचेच्या भांड्यात ओतला आणि चमच्याच्या पाठीने ठोकून ठोकून सपाट केला. विटांची भिंत नाही तर नाही. जमिनीला घालतात तसा झक्कपैकी कोबा तयार झाला.

मग पुडिंगची पूड थंड दुधात घालून फेटली. माल जरा पातळ झाला, पण हरकत नाही म्हणाले, आपोआप सपाट होईल. दुसऱ्या पुड्यातली बिस्किटं मात्र नुसती दुधात बुचकळून लगेच वर काढली आणि सांधे मोडून लावली; वरच्या ओळीचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ दिला नाही. मधे कुठे अर्धं लागलं तिथे अर्धं तोडून बसवलं. क्रीम पसरायला कपाटातून कोरी करकरीत थापी काढली. आणि एक थर ओला असताना त्यावर दुसरा चढवायचा नाही हा तर त्यांचा जन्माचा नेम. म्हणून दर थराला भांडं फ्रीजमध्ये, दार बंद, थर धरेपर्यंत बाहेर येरझाऱ्या. बायकोच्या सगळ्या बाळंतपणांना मिळून ते एवढे फिरले नसतील. अकरा वाजता शेवटचा थर आत गेला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी शीळ घालत ओटा धुतला, आणि बॅग भरायची ती भरलीच नाही.

साडेचारला चॉकलेट किसायला म्हणून भांडं बाहेर काढलं आणि मिस्त्रींचं धाबं दणाणलं.

पुडिंग वाकडं होतं! एका टोकाला चांगलं जाड, दुसऱ्या टोकाला बोटभर कमी. धावत जाऊन त्यांनी लेव्हलची बाटली आणली. ओटा सरळ. भांडं सरळ. पुडिंग तिरकं. ज्या माणसाने गावभर लोकांच्या भिंती ओळंब्यात धरल्या, त्याच्या हातून हे? मेट्रनबाई बघतील तर काय म्हणतील? काय म्हणायचं ते आयुष्यभर म्हणत राहतील!

बाहेर गाडी थांबली. मिस्त्रींनी अख्खी वडी पातळ बाजूवर खसाखसा किसली, उरलीसुरली जाड बाजूवर भुरभुरली आणि थापीने वरून एकसारखं केलं. आता वरून बघाल तर आरसा.

बायको काठी टेकत, एकेक पाऊल टाकत आत आली. थोडी वाळली होती, पण डोळ्यांत तीच मिश्किली. "आलीस?" एवढंच मिस्त्री म्हणाले. तिला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि भांडं समोर आणलं.

मेट्रनबाईंनी ते वरून पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे तुम्ही केलं?"

"मीच केलं, ताई."

"मिस्त्री, चहा येत नाही तुम्हाला. हे इतकं गुळगुळीत? दुकानातून आणून भांडं बदललंत. कबूल करा. बॅग कुठे आहे?"

"देवाशपथ ताई, माझ्या हातचं आहे!" मिस्त्रींचा आवाज चिरकला. त्यांनी भोकरासारखे डोळे करून बायकोकडे पाहिलं. वाकडेपणा झाकायला गेले, आणि त्या सफाईनेच त्यांना खोटं पाडलं होतं.

बायकोने भांडं जवळ ओढलं, मान खाली घातली आणि काचेतून बाजूने पाहू लागली. एक थर, दुसरा थर, तिसरा. सगळे एकाच बाजूला कललेले. ती हसायला लागली. इतकी हसली की नवा गुडघा दोन्ही हातांनी धरावा लागला.

"ताई, हे याच घरचं आहे," ती म्हणाली. "हा माझ्या फ्रीजचा ढाळ आहे."

"फ्रीजचा काय?"

"स्वयंपाकघर धुतलं की पाणी मोरीकडे वाहून जायला हवं, म्हणून मी यांच्या मागे लागले होते. यांनी फरशीला ढाळ दिला तो असा सढळ हाताने, की फ्रीजसुद्धा तिकडे कलून उभा राहिला. त्यात काहीही पातळ ठेवा, तिरकंच धरतं. माझं पुडिंग तीस वर्षं असंच होतंय. दुकानातलं असतं तर सरळ असतं गं."

मिस्त्री थेट फ्रीजपाशी गेले आणि लेव्हलची बाटली वर ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला. ते कान पकडून परत आले.

"तीस वर्षं?" ते म्हणाले. "मग माझ्या कधी लक्षात कसं नाही आलं?"

"कसं येईल? तुमच्या बशीत नेहमी जाड बाजू असायची."

ती हे सहज म्हणाली, जसं मीठ इकडे द्या म्हणतात तसं. तीस वर्षं मिस्त्री वाढलेलं खात आले होते, आणि पातळ बाजू कुणाच्या बशीत जाते हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि तिच्यावर इतकं प्रेम आलं की मेट्रनबाई समोर होत्या म्हणून, नाहीतर रडलेच असते.

त्यांनी थापी उचलली, जाड टोकाचा भलामोठा तुकडा कापला आणि बायकोपुढे ठेवला. मधला मेट्रनबाईंना दिला.

मेट्रनबाईंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. "खाली हे काय आहे?"

"कोबा आहे, ताई."

"बरा झालाय," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि तिसरा घास तोंडात असतानाच उठून गाडीतून औषधांची पिशवी आणि वॉकर आत घेऊन आल्या.

"उद्या फ्रीजच्या पायाखाली पाचर ठोकतो," मिस्त्री म्हणाले.

"खबरदार हात लावाल तर!" बायको म्हणाली. तिच्या हनुवटीला चॉकलेट लागलं होतं.

मिस्त्री पातळ बाजू घेऊन तिच्या शेजारी बसले. त्यात क्रीम नावालाच होतं, बाकी सगळा कोबा आणि वडीभर चॉकलेट. त्यांनी बशी चाटूनपुसून साफ केली.